जागेश्वरचा ओळंबा

जागेश्वर लिल्हारेला मी अकरा वर्षं सहन करतो आहे. याहून बरा शब्द मला सापडत नाही. कामठ्याच्या रस्त्यावर माझं कृषी केंद्र आहे, खत, बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं, आणि घर दुकानाच्या मागेच. दुकानाच्या भिंतीला लागून एक बंद पडलेली राईस मिल आहे. मिल चालू होती तेव्हा तिथे उसना तांदूळ व्हायचा, आणि उकडलेलं धान वाळवायला मिलसमोर सिमेंटची लांबरुंद फरशी केलेली होती. यंत्रं भंगारात गेली, फरशी राहिली. तिच्यावर टिनाचं छप्पर टाकून जागेश्वरनं गॅरेज काढलं, आणि तेव्हापासून माझा दिवस हातोड्याच्या आवाजानं सुरू होतो.

माणूस कामाला चोख आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्याबद्दल बरं बोलायला सवड मिळेल असं वाटत नाही. पण चूक आपली असू शकते, हा विचार त्याच्या डोक्यात कधी शिरलेला नाही. क्लच जळला तर चालवणाऱ्याचा पाय वाईट. बॅटरी बसली तर घरच्या पोरांनी रेडिओ लावला असणार. "माह्या हातची गाडी वापस येत नाई," हे त्याचं ब्रीद. वापस आलीच तर तो गाडीकडे न बघता मालकाकडे बघतो, वरपासून खालपर्यंत, आणि मालकातच खोट काढतो.

माझ्यात काढली ती वजनाची. सात वर्षांपूर्वी मी एक जुनी सुमो घेतली. पुढच्या चाकांचं काम जागेश्वरकडूनच करून घेतलं, शेजारधर्म म्हणून. गावाकडच्या डांबरी रस्त्यांवर गाडी गुणाची चाले, पण गोंदियाच्या सिमेंटच्या रस्त्यावर आली की उजवीकडे ओढू लागे. उजवं पुढचं टायर बाहेरच्या कडेनं झिजून गुळगुळीत होई. मी तक्रार केली. त्यानं दोन दिवस गाडी ठेवून घेतली, पुन्हा पुन्हा मोजली, आणि दुकानात येऊन माझ्या पोटाकडे बघत म्हणाला, "गाडीत काई नाई खुशालभाऊ. तुमचं वजन किती हाय? आन् तुमी बसता उजव्या अंगाला."

माझं वजन तेव्हा शहाण्णव किलो होतं. आता विचारू नका. मी तावातावानं उपाय विचारला, तर म्हणाला, डाव्या सीटवर काहीतरी जड ठेवा. मी खताचा दुकानदार. युरियाची पंचेचाळीस किलोची बॅग ठेवली, आणि वळणावर पडू नये म्हणून तिला पट्टा बांधला. ओढ काही थांबली नाही, पण जागेश्वर म्हणाला की कमी झाली, आणि मलाही तसं वाटू लागलं. त्या दिवसापासून माझी बायको सुलोचना मागच्या सीटवर बसते. लग्नाला जा, दवाखान्यात जा, तिच्या माहेरी दवनीवाड्याला जा, पुढे युरिया आणि मागे सुलोचना. तिचे भाऊ अजून हसतात.

तर अशा माणसाच्या हाती इंद्रकुमार सेठची गाडी आली.

इंद्रकुमार सेठ म्हणजे मिलचे मालक, आणि म्हणून फरशीचेही. वय पंचावन्न, उजव्या हातात चार अंगठ्या. सेठ मागच्या वर्षी कसल्याशा कामाला नागपूरला गेले आणि येताना दोन माणसांपुरती एक लाल स्पोर्ट्स कार घेऊन आले. गाडी तीस-पस्तीस वर्षांची, छप्पर उघडणारी, जमिनीपासून एवढीशी वर. कोणत्या देशाची, कोणत्या कंपनीची, हे सेठना विचारलं की अर्धा तास जायचा, म्हणून मी विचारणं सोडलं. रोज संध्याकाळी ते ती घेऊन बिरसीकडे जात. तिथे विमानतळाकडचा नवा सिमेंटचा रस्ता सरळसोट आहे, आणि शिकाऊ पोरांची छोटी विमानं उतरताना दिसतात. रस्त्यानं गाय आडवी आली तर गाडी गायीच्या पोटाखालून जाईल, असं लोक म्हणत.

श्रावणात एके संध्याकाळी त्या गाडीचं पुढचं डावं चाक मोरीजवळच्या खड्ड्यात धाडकन गेलं. गाडी खडखडत, स्टिअरिंग थरथरत कशीबशी फरशीवर पोचली. जागेश्वरनं ती वर उचलली, दोन्ही चाकं काढली आणि खाली पडून बराच वेळ बघितलं. चाकाला धरून ठेवणारा खालचा आर्म वाकला होता. बॉलजॉइंट ढिला झाला होता. आर्मच्या मुळाशी असतात ते रबराचे बुश हात लावताच भुगा होऊन पडले. ते काही खड्ड्यानं झालेलं नव्हतं, वयानं झालेलं होतं.

सुटे भाग मिळणं शक्यच नव्हतं. इथे मात्र मी त्याला मानतो. मिलच्या कोपऱ्यात भरडाईच्या यंत्राचे जुने रबरी रोल पडले होते, धानाचं टरफल काढणारे. दगडासारखं टणक रबर. त्यातून त्यानं आठ बुश कातून काढले. बॉलजॉइंट गोंदियाच्या एका लेथवाल्याकडे चार वेळा नेऊन बसता केला. आर्म तापवून, ठोकून, दुसऱ्या आर्मवर ठेवून बघत सरळ केला. पंधरा दिवसांनी गाडीतून एकही आवाज येत नव्हता. सेठ खूश होऊन बिरसीकडे गेले आणि वीस मिनिटांत परत आले.

"राइट में खींच रही है," ते म्हणाले.

जागेश्वरनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी दुकानातून बघत होतो. मला माझा दिवस आठवला.

त्याची मोजायची रीत सांगतो. चाकं नांगराच्या फाळासारखी आत वळलीत की बाहेर, हे तो दोरी ताणून बघतो. धानाची रोवणी करताना ओळीला लावतात, तसलीच ती दोरी. ते काम बिनचूक. पण चाक उभं सरळ आहे की त्याचा माथा आत-बाहेर झुकलाय, हे बघायला त्याच्याकडे पितळेचा ओळंबा आहे, त्याच्या गवंडी आज्याचा. बॉनेटच्या कडेवर काठी आडवी ठेवून चाकासमोर ओळंबा सोडायचा, आणि दोऱ्यापासून रिमचं अंतर वर आणि खाली मोजायचं. दोन्ही सारखी आली की चाक सरळ. नाही आली तर आर्मच्या मुळाशी लोखंडाच्या पातळ पत्त्या घालायच्या किंवा काढायच्या. "मशीन खोटं बोलते, बिजली गेली का बंद पडते," तो म्हणे. "ओळंबा खोटं बोलत नाई." त्या दीड महिन्यात काठीचं दुसरं टोक मी धरलं. माझं गिऱ्हाईक काउंटरवर उभं, आणि हा भिंतीवरून हाक मारणार, "खुशालभाऊ, जरा या."

त्यानं पुन्हा मोजलं. दोन्ही चाकं ओळंब्यात. गाडी उजवीकडे.

मग त्यानं डावी-उजवी टायरं बदलली. गाडी उजवीकडे. हवा तपासली. ब्रेक धरून राहतो का म्हणून चाकं फिरवून बघितली, सेठ पळवून आणत आणि हा रिमला हात लावून गरम आहे का बघे. दोन्ही सारखी थंड. पुन्हा बुश काढले, पुन्हा घातले. गाडी उजवीकडेच. मी एकदा सुचवलं की गोंदियाला जाऊन चाकं मोजायच्या मशीनवर एकदा लावून बघ, तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. ते आठ दिवस बरे गेले.

नवव्या दिवशी त्यानं सेठना गाठलं आणि म्हणाला, "सेठ, तुमच्या उजव्या हातात चार अंगठ्या हायेत. हात जड पडून राहिला. स्टिअरिंग तिकडं जाते."

मी भिंतीपलीकडे कपाळाला हात लावला. सेठ मोठा माणूस, पण गाडीच्या बाबतीत लहान मुलासारखा भाबडा. त्यांनी खरंच अंगठ्या काढून गल्ल्यात ठेवल्या आणि बिरसीकडे गेले. त्या संध्याकाळी समोरून धानाच्या पोत्यांची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर येत होता. सेठनी घाम पुसायला एक हात सोडला, आणि गाडी सरळ ट्रॅक्टरच्या अंगावर गेली. वीतभर अंतरानं वाचले. परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"जागेश्वर," ते म्हणाले, "अंगूठी उतार के देख लिया. अब क्या हाथ उतारूँ?"

जागेश्वर ओळंबा घ्यायला वळला, तसे सेठ म्हणाले,

"दसऱ्यापर्यंत गाडी सरळ चालली पाहिजे. नाही चालली तर फर्शी मी गोंदियाच्या त्या मशीनवाल्याला देऊन टाकतो. तो दोन वर्षं मागे लागला आहे. उसके पास कम्प्यूटर है, तेरे पास बहाना है."

दसऱ्याला अकरा दिवस होते. दुसऱ्याच दिवशी मशीनवाला टेप घेऊन आला, फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजून गेला आणि माझ्या दुकानात पाणी पिऊन गेला. जागेश्वरच्या घराला दोन खोल्या आणि पुढे बोळ. त्या बोळात सायकल वळत नाही, गाडी कुठली. फरशी गेली तर त्याला दुसऱ्याच्या गॅरेजात पाने हातात द्यायचं काम करावं लागलं असतं, आणि त्याचा स्वभाव बघता ते चार दिवस टिकलं नसतं. मला त्याची दया यायला हवी होती. आलीही. पण रागच जास्त आला, की अजूनही हा गडी ओळंबा घेऊन त्याच चाकासमोर बसतो आणि तेच मोजतो, जणू दोऱ्याची एखाद्या दिवशी मती फिरेल.

त्याची आई देवकाबाई रोज दुपारी डबा घेऊन येते. सत्तरीची बाई, कडक आवाजाची. मिल चालू होती तेव्हा याच फरशीवर तिनं बावीस वर्षं धान वाळवलं. अनवाणी पायांनी धानात सऱ्या पाडत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, मग उलट, दिवसभर. मुलगा जेवेपर्यंत ती कडेच्या कडुनिंबाखाली बसते. कडुनिंबाजवळ, फरशीच्या डाव्या अंगाला नाली आहे, आणि नालीच्या तोंडाशी जागेश्वरनं तेलाचा डबा कापून ठेवलाय. ती त्याची मोठी हुशारी. त्याच्या फरशीवर नट, बेअरिंगचा छर्रा, काहीही गोल हातातून सुटलं की तो शोधत नाही. ते घरंगळत आपोआप डब्यात जातं. नवीन गिऱ्हाईक आलं की तो मुद्दाम एक छर्रा सोडून दाखवतो. मला तो खेळ त्यानं किमान पन्नास वेळा दाखवला असेल.

दसऱ्याला दोन दिवस राहिले होते. दुपारी मला पुन्हा हाक आली. गाडी नेहमीसारखी उभी होती, तोंड रस्त्याकडे, डावं अंग कडुनिंबाकडे. इथे सगळ्याच गाड्या तशा उभ्या राहतात, कारण छपराची सावली आणि फाटक, दोन्हींना तेच सोयीचं आहे. जागेश्वरनं उजव्या चाकाचं बेअरिंग उघडलं होतं. दुसरं काही उघडायचं उरलं नव्हतं. त्याचे डोळे लाल, दाढी वाढलेली. देवकाबाई झाडाखाली सुपारी कातरत होती.

बेअरिंगमधून एक छर्रा सुटला. गाडीखालून निघाला, संथपणे डाव्या चाकाजवळून गेला, वेग धरला आणि डब्यात पडला.

मी सवयीनं म्हणालो, "गेला तुझ्या डब्यात."

"जाईन नाई त काय," देवकाबाई सुपारीवरून मान न उचलता म्हणाली. "त्याच्यासाठीच त उतार काढला होता. सेठच्या बापानं मिस्त्रीले सांगतलं होतं, तिकडच्या अंगाले एक वीत खाली धर. पानी थांबलं का उसना धान काळं पडते."

जागेश्वरच्या हातात पाना होता. तो त्यानं खाली ठेवला. डब्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग टांगलेल्या ओळंब्याकडे.

"माय," तो म्हणाला, "हे तू मले कायले नाई सांगतलं?"

"तुले म्हाईत नोव्हतं?" ती म्हणाली. "लहान होता तवा याच उतारावरून टायर सोडून देत होता आन् मागं धावत होता. किती खेप मार खाल्ला."

जागेश्वर उठला. मला म्हणाला, "गाडी फिरवा लागते." आम्ही दोघांनी चाक बसवलं, गाडी ढकलली आणि तोंड मिलकडे करून त्याच जागेवर उभी केली. त्यानं काठी ठेवली, मी टोक धरलं, ओळंबा सोडला. सकाळी जे चाक दोऱ्याला अगदी समांतर होतं, तेच चाक आता वर आणि खाली मिळून चार सूत, म्हणजे अर्धा इंच झुकलेलं दिसत होतं. पत्तीला हात लावला नव्हता. फक्त गाडीचं तोंड बदललं होतं.

तो खालीच बसला.

माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. ओळंबा खोटं बोलत नव्हता. ओळंबा आकाशातून सरळ खाली येत होता, पण गाडी उतारावर डावीकडे कलून उभी होती. कललेल्या गाडीची चाकं हा गृहस्थ आकाशाशी सरळ करत होता, आणि मग ती गाडी सपाट रस्त्यावर गेली की दोन्ही चाकं उजवीकडे कललेली निघत. जिकडे चाकं कलतात तिकडे गाडी जाणारच. आणि हे आजवर कोणाला कळलं नाही, कारण आपले जुने डांबरी रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते. डाव्या बाजूनं चालणारी गाडी तिथे आपसूक डावीकडे घसरते. रस्ता डावीकडे ओढे, जागेश्वरची चाकं उजवीकडे, आणि गाडी नाकासमोर चाले. नवे सिमेंटचे रस्ते सपाट निघाले आणि बिंग फुटलं.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो माझाच. पावसाळ्यात त्या फरशीचं पाणी माझ्या भिंतीकडे न येता पलीकडे जातं, म्हणून मी अकरा वर्षं देवाचे आभार मानत होतो. पन्नास वेळा छर्रा घरंगळताना बघितला होता. आम्हा तिघांनाही उतार माहीत होता. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात तो चाकाखाली गेला नाही.

त्या दुपारी जागेश्वर लगेच कामाला लागला. त्यानं गवंड्याकडून पाण्याची लेवल नळी मागून आणली. माझ्या गोदामातल्या जुन्या फळ्या कापून नालीकडच्या दोन्ही चाकांखाली सारल्या, एक इंचाला एक सूत कमी. नळीतलं पाणी दोन्हीकडे सारखं आल्यावर ओळंबा सोडला. मग पत्त्या काढल्या, घातल्या, पुन्हा दोरी ताणली. दिवस मावळायच्या आत काम संपलं. त्यानं हात धुतले आणि ओळंबा नेहमीसारखा खिळ्याला न लावता खिशात घालून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेठ आले. सेठ चालवायला, जागेश्वर बाजूला, आणि मागून मी माझ्या सुमोत, शेजारी युरिया. त्यासाठी मी दुकान बंद ठेवलं. बिरसीकडच्या सिमेंटच्या रस्त्याला लागल्यावर लाल गाडीनं वेग धरला. दोन्ही बाजूंना धान निसवलं होतं. थोड्या वेळानं सेठचा एक हात वर आला. मग दुसरा. चारही अंगठ्या उन्हात दिसत होत्या. दोन्ही हात हवेत धरून तो पंचावन्न वर्षांचा माणूस चालला होता, आणि गाडी रोवणीची दोरी ताणावी तशी सरळ जात होती. माझी सुमो मात्र तेवढ्यात उजवीकडे ओढत होती आणि मी तिला शिव्या देत मागे आणत होतो.

विमानतळाच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. तिथे सेठ उतरले आणि त्यांनी जागेश्वरच्या पाठीवर थाप मारली. "फर्शी तेरी," ते म्हणाले. "मशीनवाल्याला मी आज सांगून टाकतो. पण सांग तरी, फॉल्ट क्या था?"

मी सेठच्या मागे उभा होतो. मी जागेश्वरला खूण केली. बुश म्हण, बॉलजॉइंट म्हण, अंगठ्या म्हण, काहीही म्हण. अकरा वर्षं याला बहाण्यांची कधी टंचाई पडली नव्हती.

"फॉल्ट माहा होता," जागेश्वर म्हणाला. "फरशीले उतार हाय. मी तिच्यावर ओळंबा लावत होतो. तुमचीच नाई सेठ, अकरा वर्सं ज्या ज्या गाडीच्या चाकाले म्या पत्ती लावली, त्या साऱ्या वाकड्या हायेत."

सेठनी कप खाली ठेवला. "मेरी जीप भी?"

"ते बी."

"मुनीमजी की गाडी?"

"ते बी."

"और अंगूठी?"

"अंगठ्यायचं काई नोव्हतं."

एक विमान डोक्यावरून गेलं. मला वाटलं, गेली फरशी, याच्याच जिभेनं गेली. मग सेठ हळूच म्हणाले, "जबान दी है तो दी है. फर्शी तुझी. पण एक सांगतो, धंद्यातला माणूस म्हणून. ही गोष्ट इथेच ठेव. गाड्या चालतायत ना? लोक टायर बदलतात, तक्रार करत नाहीत. एकदा तोंडानं म्हटलंस की अकरा वर्षं चुकलो, तर बाराव्या वर्षी तुझ्याकडे कोण येईल?"

मी मान डोलावली. धंदा मीही करतो. सेठ म्हणत होते ते खरं होतं, आणि परत आल्यावर मी गाडी फरशीशी थांबवून जागेश्वरला तेच पुन्हा सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मला वाटलं, पहिल्यांदाच माझं ऐकलं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी अंगणात सुमो धूत होतो, पूजेसाठी. सुलोचना झेंडूचा हार ओवत होती. फाटक वाजलं. जागेश्वर उभा होता, दाढी केलेला, धुतलेला सदरा घातलेला, हातात ओळंबा.

"चाबी द्या," तो म्हणाला.

"आज? सण आहे. दुकानं बंद आहेत. संध्याकाळी बघू."

"तुमचीच पहिली करतो. मंग दवनीवाड्याच्या बकारामची, मंग शालीकराम गुरुजीची. साऱ्यायले निरोप धाडला."

"काय निरोप धाडला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "काल सेठ काय म्हणाले? मी काय म्हणालो?"

"खरं तेच धाडलं," तो म्हणाला. "दोघं तिघं शिव्या देऊन राहिले फोनवर. देऊ द्या." मग त्यानं माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि नजर खाली घातली. "खुशालभाऊ, तुमच्या वजनाचं काई नोव्हतं."

सुलोचनाचा हात हारावरच थांबला.

मला खूप काही बोलायचं होतं. सात वर्षांचं साचलं होतं. सोयरे हसले ते, सात टायरं गेली ते, रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहून बायकोपासून आकडा लपवला ते. मी तोंड उघडलं, पण तो माणूस फाटकात तसाच उभा होता, मार खायला तयार असल्यासारखा, आणि मी चावी दिली.

त्यानं पुढचं डावं दार उघडलं. सीटवरची बॅग पट्टा सोडून खांद्यावर घेतली आणि दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवली. मग सुमो फरशीवर नेली. दिवसभर भिंतीपलीकडून हातोड्याचा आवाज येत राहिला. संध्याकाळी गाडी परत आली, तेव्हा फरशीवर आणखी चार गाड्या उभ्या होत्या आणि दोन मालक त्याच्यावर आवाज चढवत होते. तो खाली मान घालून फळ्या कापत होता.

आम्हाला सोनं द्यायला दवनीवाड्याला जायचं होतं. मी स्टिअरिंगवर बसलो. सुलोचना नवीन लुगडं सावरत आली आणि सवयीनं मागचं दार उघडलं. मग थांबली. मागचं दार लावून तिनं पुढचं उघडलं, सीटवर खताचे पांढरे दाणे सांडले होते ते पदरानं झाडले आणि माझ्या शेजारी बसली.

"चला," ती म्हणाली. "आन् वापस येताना देवकाबाईकडे थांबा. जागेश्वरभाऊच्या हातात सोनं मले द्यायचं हाय."